कोपऱ्यावरचा निरोप

जपानमधल्या कानाझावा शहरातली आमची हिवाळी सुट्टी संपत आली, तेव्हा मला एक नवीच काळजी लागली. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या. आम्ही बाहेर पडलो की त्या बर्फात उभ्या राहून कमरेतून वाकायच्या आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत आत जायच्या नाहीत. तिथली रीतच तशी.

आपण "येतो हं" म्हणून उठतो आणि खऱ्या गप्पा चपला घातल्यावर सुरू करतो. मग फाटकाशी पुन्हा निरोप, कोपऱ्यावरून पुन्हा हात. न वळता गेलेला पाहुणा रुसलाय असंच आपण धरून चालतो. म्हणून मी वळायचो, त्या वाकायच्या. त्या वाकल्या म्हणून मी पुन्हा वळायचो.

"अहो, वळू नका! गारठतील त्या," माझी बायको सुनंदा दटावायची.

"न बघता जाऊ? काय वाटेल त्यांना?"

आधी पाठ कोणी फिरवायची, हे कुठल्याच देशाला नीटसं ठरवता आलेलं दिसत नाही.

शेवटच्या सकाळी आम्ही बॅगा ओढत जवळजवळ पळालोच आणि कोपऱ्यावरच्या, नाणं टाकलं की कॉफीचा डबा देणाऱ्या कपाटाएवढ्या यंत्राआड लपलो.

"गेल्या का आत?" सुनंदानं विचारलं.

मी हळूच डोकं काढलं. अंगण रिकामं होतं. हायसं वाटलं, आणि जरा वाईटही. तेवढ्यात दार किलकिलं झालं. आम्ही खरंच गेलो का, ते बाई डोकावून बघत होत्या. नजरानजर झाली. त्या लगबगीनं बाहेर आल्या आणि वाकल्या.

"आता गाडी चुकणार," सुनंदा म्हणाली, आणि तीही वाकली.