बुटांच्या खोक्यातली हजेरी

वस्तीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. तोंडावर करवतमावशी, पाठ फिरली की नुसतं करवत. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्ही आवडायचं. जिभेला धार आहे म्हणून लोक दोन पावलं लांब राहतात, यात वाईट काय?

खाऊच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर तिने नऊ वर्षं काढली. एका पाकिटात पाच गोळ्या आणि एक खेळाडूचं कार्ड. गोळ्या इतक्या पांचट की पोरं त्या थुंकून टाकत आणि कार्ड खिशात घालत. कारखाना चालायचा तो कार्डांवर. पुढच्या बाजूला खेळाडूचं चित्र आणि एक ते एकशेवीसमधला नंबर. मागे त्याची उंची, वजन, आणि खाली रबरी शिक्का: पॅकिंगची तारीख आणि महिना. वर्ष नाही. वर्ष छापलं तर दुकानात पडून राहिलेला माल शिळा आहे हे कळेल, म्हणून मालकाने शिक्क्यातून वर्षच काढून टाकलं होतं. चित्रंही नऊ वर्षं तीच. नवे साचे करायला पैसे पडतात.

कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात तिने पॅकिंग मॅनेजरला विचारलं होतं, "आमची हजेरी कुठे लावतात?"

"तुमची कसली हजेरी?" तो म्हणाला. "तुम्ही कारखान्याच्या थोड्याच आहात. काम असलं की यायचं, नसलं की घरी बसायचं."

काम रोज असायचं. रविवार आणि वर्षाकाठी दोन ठरलेल्या सुट्ट्या सोडून रोज. पण वहीत नाव नाही, हातात पत्र नाही, गेटवर पास नाही. त्या संध्याकाळी तिने रद्दीच्या पिंपातून वाकडं कापलेलं एक कार्ड उचललं, मागचा शिक्का बघितला आणि पदराला बांधलं. तू नाही लावत ना, मी लावते. त्यानंतर रोज एक. एका वर्षाचं एक बुटांचं खोकं, झाकणावर खडूने वर्ष. कपाटाच्या माथ्यावर नऊ खोकी उभी राहिली.

मग एका सकाळी कारखान्याने पॅकिंगचं यंत्र आणलं आणि अठरा बायकांना गेटवरूनच परत पाठवलं. करवतने कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज ठोकला. कारखान्याचं उत्तर एका ओळीचं होतं: या बाया कधीमधी येत, सलग कोणीही नव्हतं. अधिकाऱ्याने तारीख दिली आणि सांगितलं, पुरावा आणा. करवतची नऊ वर्षं कागदावर आली की बाकी सतराजणींचं दार उघडणार होतं. नाही आली तर अठराजणी खोटारड्या.

तारखेला चार दिवस उरले तेव्हा ती सह्या गोळा करायला बाहेर पडली. सतरा घरं, सतरा टोकांना. दोन दिवसांनी परत आली, तर टेबलावर निळ्या रंगाचे सहा जाडजूड अल्बम आणि शेजारी जावई उभा, परीक्षेत पहिला आल्यासारखा.

जावयालाही कार्डांचा नाद. मोठा झाला, टक्कल पडायला लागलं, तरी सुटला नव्हता. सासूच्या घरात राहूनही स्वतःचं वेगळं कपाट, त्याला कुलूप, आत ओल शोषणाऱ्या पुड्या. बायकोला एवढं जपलं नसेल.

"आई, बघा तरी," तो म्हणाला. "नंबरवार लावलीत. एका पानावर नऊ कप्पे. साहेबांपुढे त्या मळक्या खोक्यांत घालून नेणार होतात का? जरा छाप पडली पाहिजे."

करवतने अल्बमला हात लावला नाही. "खोकी कुठे आहेत?"

"कसली?"

"बुटांची."

"भंगारवाल्याला दिली. पुठ्ठा हलका होता, त्याने कार्डं पिवळी पडतात. आणि तुम्ही रबरबँड लावले होते, कडा खाल्ल्यात त्यांनी. असं कोणी ठेवतं का?"

ती खुर्चीत बसली. ती न बोलता बसली हे बघूनच मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली.

"झाकणावर वर्ष होतं," करवत म्हणाली. "नुसत्या झाकणावर."

जावयाने एक कप्पा उघडून कार्ड उलटवलं. मागे शिक्का: १२ मार्च. त्याने दुसरं काढलं, तिसरं काढलं. तारीख आणि महिना, बस. त्यातून जागा वाचावी म्हणून त्याने एकेका कप्प्यात दोन-दोन कार्डं पाठीला पाठ लावून घातली होती, म्हणजे एकही शिक्का दिसत नव्हता.

"मागची बाजू कोण बघतं, आई? जमवणारे पुढचीच बघतात."

"मी नऊ वर्षं मागचीच बघितली, जावईबापू. तुमच्या त्या हिरोंची तोंडं मला ओळखूही येत नाहीत."

"आई, ह्यांनी दोन दिवस मान मोडून काम केलंय," मुलगी म्हणाली.

"मान मोडायचं काम माझ्याकडे ठेवायचं होतं. मी बरोबर केलं असतं."

तासभर ती बोलत राहिली. काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या बाईने आपली खिडकी लावून घेतली, मग पुन्हा किलकिली उघडली. जावई ऐकत राहिला. एकदा फक्त म्हणाला, "मला सांगितलं असतंत तर," आणि त्या एका वाक्यावर त्याने आणखी पाव तास बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जमिनीवर बसली आणि कार्डं उपसायला लागली. कशासाठी, तिलाही माहीत नव्हतं. नंबरवार लावलेलं मोडायचं, एवढाच राग. कप्प्यातून कार्ड खेचलं की जावई दारातून कळवळायचा.

"वरून ओढू नका, कोपरे दुमडतात. खालून बोटाने ढकला."

"तुम्ही दारातूनच शिकवणार का?"

तो येऊन समोर बसला. ती तारीख वाचायची, तो गठ्ठ्यात ठेवायचा. जानेवारी खिडकीखाली, डिसेंबर मोरीच्या दाराशी. मुलीला चालायला जागा उरली नाही, ती भिंतीला धरून फिरू लागली.

दुपारी करवतच्या हातात बारा मार्चचा गठ्ठा आला. तिने मोजला. आठ. तेरा मार्च, सात. चौदा, आठ.

"थांबा," ती म्हणाली. "बारा मार्च वर्षात किती वेळा येतो?"

"एकदा."

"मग माझ्याकडे आठ कसे?"

जावयाने घाईघाईने फेब्रुवारीचा ढीग ओढला आणि शेवटचा गठ्ठा काढला. एकोणतीस फेब्रुवारी. दोन कार्डं. एकावरचा शिक्का जांभळ्या शाईचा, एकावरचा काळ्या. जांभळी शाई सुरुवातीची, काळी नंतर आली, हे पॅकिंगच्या टेबलावरच्या कोणीही सांगितलं असतं.

"आई, या दोघांत चार वर्षं आहेत."

"मोजता येतं मला."

माफी त्याने मागितली नाही. मागितली असती तर तिने ती त्याच्याच तोंडावर फेकली असती. तो उठून आपल्या कपाटाकडे गेला, कुलूप काढलं आणि स्वतःची कार्डं पलंगावर ओतून बारा लांबट पांढरी खोकी मोकळी केली. प्रत्येक महिन्याला एक. प्रत्येक तारखेपुढे उभी पट्टी, पट्टीवर आकडा. यावेळी करवतने प्रत्येक खोक्यावर स्वतःच्या हाताने महिना लिहिला. खडूने नाही.

अधिकाऱ्याच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, आणि फायलींनी अडवलेली खिडकी. पॅकिंग मॅनेजर आधीच येऊन बसला होता. बारा खोकी टेबलावर रचली गेली तशी त्याची खुर्ची मागे सरकत गेली.

"बाई, हे काय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हजेरी."

तिने सगळं सांगितलं. खोकी कुठे गेली तेही सांगितलं, जावयाला तिथेच उभं करून. मॅनेजरने खिशातून पेन काढलं आणि तो हसला.

"साहेब, पिंपातली रद्दी आहे ही. एकाच वर्षी ओंजळ भरभरून उचलली असेल. आठ काय, ऐंशीसुद्धा निघतील."

अधिकाऱ्याने करवतकडे पाहिलं. त्यालाही ते पटल्यासारखं दिसत होतं.

"रविवारी कारखाना चालतो का?" करवतने मॅनेजरला विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. माझ्या वेळेत एकही रविवार नाही."

"साहेब, हे लिहून घ्या. मी एकाच वर्षात उचलली असती तर त्या वर्षीच्या बावन्न रविवारांच्या तारखांना पट्टीमागे काहीच निघालं नसतं. उघडा कुठलंही खोकं. कारखाना दरवर्षी दोनच तारखांना बंद असतो, तेवढ्या दोन पट्ट्या रिकाम्या आहेत. तिसरी दाखवा, मी अर्ज मागे घेते. कुठे सात आहेत, कुठे आठ. कारण रविवार दरवर्षी तारीख बदलतो. तो ह्यांच्यासारखा एका जागी बसून राहत नाही."

अधिकाऱ्याने जुलै उघडला. बोटाने पट्ट्या चाळल्या. मग नोव्हेंबर. मग त्याने स्वतःहून फेब्रुवारी ओढला आणि शेवटची दोन कार्डं खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"ही खोकी इथे जमा करावी लागतील," तो म्हणाला.

"जमा करते. पावती द्या. खोकी बारा, अशी नको. तारीखवार. कुठल्या तारखेची किती."

"बाई, अडीच हजारावर असतील."

"दोन हजार आठशे एक. मोजून घ्या. आणि ह्यांना मोजू द्या." तिने मॅनेजरकडे बोट केलं. "नंतर म्हणायला नको, बाईने मागून घुसवली."

मॅनेजर म्हणाला, मला वेळ नाही. अधिकारी म्हणाला, मग तुमची हरकत नाही असं लिहून टाकतो. मॅनेजरने बाह्या वर केल्या आणि जानेवारी पुढे ओढला.

चिमटीत कार्ड मधोमध धरून तो मोजायला लागला तसा कोपऱ्यातून जावई बोलला, "कडेला धरा, साहेब. बोटांचं तेल लागतं."

करवतने त्याला गप्प केलं नाही.

मोजता मोजता मॅनेजर दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा करवतने त्याला महिना पहिल्यापासून मोजायला लावला. कचेरी बंद व्हायच्या सुमाराला पावती तयार झाली, सहा पानं. एक जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत, प्रत्येक तारखेपुढे आकडा, आणि प्रत्येक पानाखाली कारखान्याच्या वतीने सही. नऊ वर्षांत ज्या माणसाने तिचं नाव एकदाही वहीत घातलं नव्हतं, त्याने एका बैठकीत सहा सह्या केल्या.

करवतने पानं उजेडात धरून सह्या तपासल्या. तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"इथली पुसट आहे," ती म्हणाली. "पुन्हा करा."