खंडेनवमीला पुजलेली फळी

आमच्या घरात समुद्र कुणाच्याच वाट्याला आलेला नव्हता. माझं माहेर कन्नडजवळचं, शेतकऱ्याचं. सासर संभाजीनगरचं, जिथे नळाला पाणी कधी येणार ते पाहून पाहुण्यांना बोलवायचं की नाही हे ठरतं. पिंप, बादल्या आणि पातेली भरून ठेवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. अशा घरातल्या मुलाला लाटांवर उभं राहण्याचं वेड लागावं, याला काय म्हणावं? वैभव नोकरीसाठी चेन्नईला गेला, तिथल्या मित्रांनी त्याला एका रविवारी किनाऱ्यावर नेलं आणि मुलगा हातचा गेला तो गेलाच. सर्फिंग म्हणतात त्याला. पुरुषभर लांबीची फळी घ्यायची, तिच्यावर पालथं पडून हातांनी पाणी मारत समुद्रात शिरायचं आणि मागून लाट आली की तिच्यावर उभं राहायचं. त्याने पाठवलेला पहिला व्हिडिओ मी अर्धाच पाहिला आणि फोन पालथा घालून भाकऱ्या थापायला उठले.

मग एकदा त्याच फळीचा मार बसून त्याचं कपाळ फुटलं. टाके पडले. त्याने ते हसत सांगितलं, पण माझी झोप उडाली ती उडालीच. मी दर शनिवारी खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला जाऊ लागले. इतर गावांत मारुती उभा असतो, गदा पेलून. आमचा खुलताबादचा मारुती आडवा, निजलेला आहे. मी त्याच्यापुढे उभी राहून दर वेळी एकच गाऱ्हाणं घालायची, याच्या डोक्यातून हा समुद्र काढून टाक. गाऱ्हाणं कसलं, झोपलेल्या माणसाला गदागदा हलवून उठवावं तसा माझा आवाज लागायचा. आणि इतके शनिवार जाऊनही वैभवची फळी काही सुटेना, तेव्हा मनात नको ते येऊ लागलं. वाटायचं, हा खरंच झोपलाय. आपलं बोलणं त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. कुणाला सांगायची सोय नव्हती. घरी यांचं मत निराळंच, पोरगं दारू पीत नाही, कुणाच्या भांडणात नाही, तर खेळू दे पाण्यात.

दसऱ्याच्या सुट्टीला जोडून वैभव अंदमानातल्या एका लांबच्या बेटावर जाणार होता. मी फोनवर रडले. तेव्हा तो म्हणाला, "आई, तू एकदा माझ्यासंगं चल. तुझ्या डोळ्यानं बघ. बघून झाल्यावर तू सोड म्हणलीस, तर परत फळीला हात लावणार नाय. शब्द देतो. पण न बघता नाय म्हणू नको." यांच्या गुडघ्यामुळे ते येणार नव्हते. मी मात्र लगेच हो म्हटलं, कारण उत्तर मी घरूनच सोबत घेऊन निघाले होते. बघायचं आणि सोड म्हणायचं, एवढंच माझं काम होतं.

विमानं झाली, जहाज झालं, जहाजात पोटातलं सगळं बाहेर काढून झालं आणि आम्ही त्या बेटावर पोचलो. नारळ-सुपारीच्या बागेत एका बंगाली गृहस्थांचं घर होतं, तिथे दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. त्यांना सगळे मंडलदा म्हणत. ते मासेमारीही करायचे. माझी संभाजीनगरी हिंदी ऐकून ते पहिल्या दिवशी खूप हसले, आणि त्यांची बंगाली हिंदी ऐकून मी. वैभवची लाट घरापासून थोडी लांब होती. जंगल संपतं तिथे खडकाचं एक लांब टोक समुद्रात घुसलेलं आहे. लाट त्या टोकाला लागते आणि एकदम न फुटता टोकापासून किनाऱ्यापर्यंत क्रमाने उलगडत येते. म्हणून तिच्यावर बराच वेळ राहता येतं, असं वैभव म्हणाला. पण टोकाकडे जायचं तर मध्ये एक खाडी आडवी. वैभव रोज उजाडताना फळीवर पालथा पडून ती खाडी ओलांडायचा आणि पलीकडे चालत जायचा. मी अलीकडच्या वाळूत रामनाम घेत बसायची. तिथून मला टोकापाशी एक काळा ठिपका दिसायचा, दिसेनासा व्हायचा, पुन्हा दिसायचा. दुपारी तो परत येऊन भाताचा डोंगर संपवायचा आणि झोपायचा.

अशात खंडेनवमी आली. माहेरी त्या दिवशी वडील विळे, कुऱ्हाडी, तिफण, सगळं घासून धुवून, तेलाचा हात फिरवून ओळीने मांडायचे आणि आई हळदकुंकू लावायची. सासरी मी शिवणयंत्राची पूजा करते, यांच्या स्कूटरची करते. परमुलखात काय करावं, या विचारात होते, तर भिंतीला टेकवलेली वैभवची फळी दिसली. मुलाचं हत्यार म्हणायचं तर तेच. माझा राग असला तरी सणाच्या दिवशी कुणी उपाशी राहू नये, तसं वाटलं मला. फळी उचलून ओसरीत आडवी ठेवली आणि बघते तर काय, वरच्या बाजूला मळाचा थर. चिकट, मळकट, खडबडीत, वाळू रुतून बसलेली. मी मनात म्हटलं, एवढं जिवापाड जपतो आणि साधी पुसतही नाही. वैभव दुपारचा झोपला होता. मंडलदांच्या बायकोकडून खोबरेल तेल आणि नारळाची शेंडी मागून घेतली. चमच्याने तो थर खरवडून काढला, उरलेला तेल लावून घासला. तासभर घाम गाळला, पण फळी अशी लख्ख केली की तिच्यात माझं तोंड दिसावं. मग हळदकुंकू लावलं, जास्वंदीची फुलं वाहिली आणि स्वच्छ पंचा पांघरून ठेवली. वैभव उठल्यावर त्याला म्हटलं, "आज हात लावू नको. पूजेला ठेवलीय. उद्या दसरा, उद्या काढ." त्याला बरं वाटलं असावं. त्याने फळीला नमस्कार केला.

दसऱ्याच्या पहाटे त्याने पंचा काढला आणि तसाच उभा राहिला. मी चूल पेटवत होते. त्याने फळीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि ओसरीत खाली बसला.

"आई, ह्याच्यावरचं मेण कुठं गेलं?"

"मेण कसलं? मळ होता रे. किती घाण ठेवली होतीस."

"मळ नाय गं, मेण. मुद्दाम लावत असतेत. त्याच्यावर पाय चिकटून राहतो. आता ह्याच्यावर मी काय, माशीबी उभी राहणार नाय."

मी म्हटलं, मला काय ठाऊक. मला खरंच ठाऊक नव्हतं. तो चिडला की ओरडत नाही, आवाज खाली जातो. त्या आवाजात तो म्हणाला, "तुझ्या मारुतीनं सांगितलं का तुला, पोराला पाड म्हणून?" हे मला फार लागलं. तो साबण घेऊन फळी धुवायला बसला. तेल काही निघेना. मी तांब्याने पाणी घालत राहिले, तो घासत राहिला, मग पुसून वाळवणं, मग नवं मेण थरावर थर देणं. लाट त्याची वाट बघत थांबणार नव्हती. तो मधूनमधून टोकाकडे बघायचा. ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं आणि मला वाटलं, सणाच्या दिवशी मुलाच्या आनंदात माती कालवली ती मीच.

तेवढ्यात मंडलदा जवळजवळ धावतच आले. आधी त्यांनी वैभवला पाहिलं आणि तिथेच ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले. "तुम घर में है? मैं सोचा तुम चला गया. खाड़ी में मत उतरना बाबा. बड़ा मगर आया है, मुँह पे बैठा है."

आम्ही उंचावरून पाहिलं. वैभव रोज जिथून पाण्यात शिरायचा त्या चिखलात ती मगर पडली होती. जुनी ताडपत्री वाळत टाकावी तशी, काही हालचाल नाही. मग ती उठली आणि पाण्यात गेली. आवाज झाला नाही. पाणी पुन्हा सपाट झालं आणि ती कुठे आहे ते कळेना. मंडलदा सांगत होते की मगरी खाडीत वर, जंगलाच्या बाजूला असतात, तोंडाशी त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. वैभवला हे माहीत होतं. त्याने मला सांगितलं नव्हतं. रोजच्या वेळेला निघाला असता तर तो त्या पाण्यात पालथा पडून हात मारत असता.

वैभव खाली बसला. त्याने माझा हात धरला. माझ्या हाताला अजून तेलाचा वास येत होता. तो म्हणाला, "आई, बोल तू. मगाशी बोलायला नको होतं मी. तू म्हणशील तसं. सोड म्हणलीस तर इथूनच परत जाऊ."

शब्द माझ्या ओठांवर होता. एवढ्या लांब मी त्यासाठीच आले होते, आणि यापेक्षा चांगली वेळ पुन्हा मिळाली नसती. पण त्याचा चेहरा पाहून मला तो उच्चारता आला नाही. मी म्हटलं, "तू बघायला आणलंयस ना मला? मी अजून काय बी बघितलं नाय. आधी बघू दे."

त्या दिवशी मी खूप विचार केला. कुणी म्हणेल योगायोग. मला त्याच्याशी भांडायचं नाही. माझ्या अडाणीपणामुळे फळीचं मेण गेलं आणि माझा मुलगा माझ्यासमोर जेवायला बसला, एवढं मला माहीत आहे. पण मला छळत होतं ते वेगळंच. ज्याला झोपलेला समजून मी बडबडत होते, त्याने एकदाही डोळे न उघडता काम केलं होतं. आणि आता त्याच्या नावावर मी मुलाला दाव्याला बांधणार होते. वाचवलं त्याने आणि मालकी सांगणार मी. मला स्वतःचं हसू आलं आणि रडूही आलं.

पुढे मगर पुन्हा आत गेल्याचं वनखात्याच्या माणसांनी पाहिलं, तरी मंडलदांनी खाडी ओलांडायची नाही असं बजावलं. समुद्राच्या बाजूने होडीने नेतो म्हणाले. "आप भी चलिए, दीदी." मला पोहता येत नाही. "दादा, मेरे कू डर लगता," म्हटलं. त्यांनी एक फुगीर जाकीट माझ्या अंगावर चढवलं आणि हाताला धरून बसवलं. टोकाच्या बाजूला खोल पाणी आहे, तिथे लाट फुटत नाही. होडी तिथे उभी केली की लाट अगदी शेजारून जाते. वैभव फळी घेऊन पाण्यात उतरला.

मी डोळे मिटून रामनाम सुरू केलं. मंडलदा म्हणाले, "देखिए ना." मी डोळे उघडले. लांबून पाणी उचलत आलं, हिरवं, उन्हात आरपार दिसणारं. त्याच्या कडेवर माझा मुलगा उठून उभा राहिला. घाई नाही, धडपड नाही. लाट त्याच्या मागे उलगडत होती आणि तो तिच्या पुढे, हात जरासे पसरून, अंगणातून चालत यावा तसा येत होता. होडीच्या इतक्या जवळून गेला की मला त्याचे दात दिसले. तो हसत होता. कपाळावरची टाक्यांची खूणही दिसली. लहानपणी आंघोळीच्या बादलीत बसवलं की तो असा हसायचा. मला तो दुसऱ्या लाटेवर दिसला, तिसऱ्या लाटेवर दिसला, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझा जप केव्हाच थांबलाय. मी धसकले. पण वैभव पडला नव्हता. माझ्या जपाने ती लाट धरून ठेवलेली नव्हती. ज्याने धरली होती त्याने धरली होती, मी बघत असले तरी आणि नसले तरी. माझ्या छातीवरचं किती वर्षांचं ओझं उतरलं ते मला सांगता येणार नाही. मी खूप आनंदात होते. एवढंच लिहिते.

थोड्या वेळाने वैभव होडीपाशी आला आणि काठाला धरून दम खात राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाला, "आई, एक लाट घेतो. शेवटची. मग जाऊ घरी. शब्द दिलाय तुला, ठेवतो मी."

मी म्हटलं, "भूक लागली की ये."

त्याला कळायला क्षणभर लागलं. मग त्याने होडीच्या काठावर कपाळ टेकवलं आणि फळी वळवली.

आमच्या कॉलनीतल्या बायका मगरीची गोष्ट पुन्हापुन्हा सांगायला लावतात आणि ऐकून हात जोडतात. मीही सांगते. पण देवाची कृपा म्हणून मला आतून जे आठवतं ते वेगळं आहे. ज्या बाईने जन्मभर मुलाला पायरीवरून उतरतानासुद्धा 'सांभाळून' म्हटलं, तिच्या तोंडून भर समुद्रात ते साधं वाक्य निघालं. मी ते ठरवलं नव्हतं, माझ्यात तेवढी ताकदही नव्हती. ते माझ्याकडून ज्याने वदवून घेतलं, त्याची मी ऋणी आहे.