सोबत आलेल्यांची जागा

कोणती वस्तू कुठे असावी याबद्दल माझ्या थोरल्या साडूंइतकी ठाम मतं असलेला माणूस अख्ख्या पुण्यात नसेल, आणि पुण्यात नाही म्हणजे कुठेच नाही. ते धायरीला राहतात. कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी करतात. नव्या कॉम्प्युटरमध्ये मूळ प्रणालीबरोबर परक्या कंपन्यांची सॉफ्टवेअर आयती भरून येतात. ती प्रणालीच्याच फोल्डरमध्ये मिसळलेली दिसली की त्यांना जेवण जात नाही. "उद्या बिघडलं तर घरचं कोण आणि बाहेरचं कोण, कसं कळणार?" असं त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढणाऱ्याला थांबवून विचारलं होतं. घरातही तोच कायदा. चहापत्तीवर फुकट आलेल्या वाट्या, साबणाबरोबरचे ब्रश, सगळ्यांना वेगळं कपाट. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, एकदा शांतपणे म्हणाल्या, "मला अजून घरात ठेवलंय, हे नशीब."

त्यांच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक एकटे राहतात. सरांची दृष्टी गेली आहे. वर्तमानपत्र त्यांना कॉम्प्युटरच मोठ्यानं वाचून दाखवतो. मुलीनं नवा कॉम्प्युटर पाठवला तेव्हा तो लावून द्यायला साडू हौसेनं गेले, आणि बाहेरची सगळी मंडळी उचलून त्यांनी वेगळ्या फोल्डरमध्ये नेऊन बसवली. वाचणारा आवाज त्यातच होता. साडू गेल्यावर सरांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तेव्हा प्रणालीला तो आवाज जागेवर सापडेना. यंत्र मुकं झालं.

सरांनी कुणाला सांगितलं नाही. पुढे एका रविवारी साडू मला आपली व्यवस्था दाखवायला खाली घेऊन गेले. सर कळफलकावर हात ठेवून गप्प पडद्यासमोर बसले होते.

"माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार," ते संकोचून म्हणाले. "तुम्ही एवढं नीट लावून दिलंत, परत कसं बोलवायचं?"

साडूंचे कान लाल झाले. त्यांनी सगळं जिथल्या तिथे परत ठेवलं. आवाज सुरू झाल्यावर, सरांकडे न बघता ते म्हणाले, "सर, चूक तुमची नव्हती. मी हलवलं होतं."

"असू दे हो," म्हणत सर चाचपडत चहा ठेवायला उठले.

हल्ली कामावर निघताना ते सरांच्या दाराशी थांबतात, असं ताई सांगतात. आतून बातम्या वाचणारा आवाज आला की बेल न वाजवता, चपलांचा आवाज होऊ न देता, जिना उतरून जातात.