आमच्यासाठी भरलेली गाडी

मी आता चिकलठाण्यात एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथं कुणी गाव विचारलं की मी नाव सांगते, आणि समोरचा विचारतो, "ते कशाजवळ आलं?" मी शेजारच्या गावाचं नाव सांगते. तेही त्याला माहीत नसतं. मग बाजारगावाचं नाव सांगते, तिथून तासभर आत असं सांगते, आणि तो समजल्यासारखी मान हलवतो. त्याला काहीच समजलेलं नसतं, पण त्यात त्याचा दोष नाही. आमच्या गावात यायला कुणाला कारणच पडत नाही. ऊस, कापूस, नव्वदेक घरं, एक पिठाची गिरणी, दोन किराणा दुकानं. पुढारी मात्र मोजायला बसू नये. एकेका घरात दोन-दोन निघतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

अशा गावाला एसटीची एक लाल गाडी होती. सकाळी पावणेसातला यायची, वळायची, बाजारगावाला जायची आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत परत सोडायची. गावच्या माणसांना या गाडीचा फार अभिमान होता आणि तिच्यात कुणीही बसत नसे. पुरुषांकडे मोटारसायकली होत्या. ज्यांच्याकडे नव्हत्या ते दुसऱ्याच्या मागं बसून जायचे, पण गाडीत बसून कमीपणा घ्यायचे नाहीत. गाडीचा उपयोग दोनच. एक म्हणजे ती आली की चुलीवर चहा ठेवायचा. दुसरा, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना "आमच्याकडं गाडी येती" असं सांगायचं.

बसायचो आम्ही दोघी. मी आणि माझी मैत्रीण. बारावी सायन्सला होतो, आणि गावातून बारावी सायन्सला जाणाऱ्या आम्ही पहिल्याच. ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी नम्रपणानं सांगत नाही, तसं होतंच. रसायनशास्त्र मला कळायचं ते तिनं गाडीत समजावल्यावर. खड्ड्यांमुळं वही हातात ठरायची नाही, म्हणून ती बोटानं मांडीवर लिहून दाखवायची.

आमच्या दोघींच्या बापांनी एकाच दिवशी एकच नियम केला होता. गाडी हाय तवर शाळा. काळीपिवळीत पुरुषांच्या मांडीला मांडी लावून जायचं नाही आणि वसतिगृहात राहायचं नाही. गाडी बंद झाली की शिक्षण बंद, आणि शिक्षण बंद झाल्यावर आमच्याकडं पोरीचं पुढं काय होतं हे विचारायची गरज नसते. त्यामुळं सकाळी पावणेसातला वळणावर गाडीचा आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा. गाडी होती तोवर रोज पडत होता.

प्रॅक्टिकलच्या परीक्षा आठ-दहा दिवसांवर आल्या होत्या, तेव्हा कंडक्टरनं बातमी दिली. पुढच्या आठवड्यात सात दिवस एक तपासणीचे साहेब गाडीतून फिरणार होते. भारमान बघायला. भारमान म्हणजे गाडीत माणसं किती असतात ते. कमी भरलं तर गाडी बंद.

संध्याकाळपर्यंत हा शब्द गावभर झाला. ज्यांना स्वतःच्या शेताचा गट नंबर सांगता येत नव्हता तेही भारमानावर बोलू लागले. एक बैठक मारुतीच्या पारावर झाली, एक विहारात झाली, आणि दोन्हीकडं एकच ठराव झाला. असं आमच्या गावात आधी कधी झालं नव्हतं. गावच्या लेकींच्या शिक्षणासाठी गाडी वाचवायची, सातही दिवस भरून न्यायची. सरपंचांनी आमच्या दोघींकडं हात करून भाषण केलं. मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग हिशेब सुरू झाला आणि तिथंच सगळं बिनसलं. बायकांना अर्धं तिकीट. तेव्हा अर्ध्या तिकिटाची बाई एक डोकं धरायची की अर्धं, यावर दीड तास वाद झाला. शेवटी ठरलं की धोका नको, बाया घरी राहतील. तसंही हरभरा काढायला आला होता आणि तो कुणीतरी काढायला हवाच होता. म्हाताऱ्यांना पूर्ण फुकट, पण त्यांना मशीनमधून चिठ्ठी निघते, म्हणून ते धरायचे. माझा आजा यात बसला. त्याच्या आधारकार्डावरचा जन्म एक जानेवारीचा, तसा तो गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचा एक जानेवारीचाच आहे. आणि राहिल्या पासवाल्या पोरी. पासाला चिठ्ठी निघत नाही, म्हणून पासवाल्या पोरी भारमानात येतच नाहीत, असं सरपंचांनी ठामपणे सांगितलं. त्यांना हे कुणी सांगितलं होतं ते मला आजही माहीत नाही. कंडक्टरला विचारावं असं कुणाला वाटलं नाही. गावात कंडक्टरपेक्षा जास्त जाणणारे पुष्कळ होते.

पाळ्या लागल्या. आळीवार याद्या झाल्या. पहिल्या दिवशी सकाळी मी आणि मैत्रीण वळणावर गेलो तर तिथं लग्नाला निघाल्यासारखी माणसं. इस्त्रीचे सदरे, डोक्याला तेल, कुणाच्या कपाळाला गंध. साहेब पुढच्या सीटवर मांडीवर कागद घेऊन बसले होते आणि हे बघून जरा घाबरलेच असावेत. त्यांना कुणी पेरू दिले, कुणी उसाच्या कांड्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका घरी कोंबडंही कापलं.

बाजारगावात उतरल्यावर या माणसांना काही काम नव्हतं. परतीची गाडी संध्याकाळी. तेवढा वेळ काढायला ते तहसील कचेरीच्या झाडाखाली बसायचे. दोघातिघांनी डॉक्टरला दाखवून घेतलं आणि नसलेल्या आजारांच्या गोळ्या आणल्या. एकानं आठवड्यात दोनदा केस कापले. माझ्या आज्याला तर प्रवासाची गोडीच लागली. जन्मभर मेंढरांमागं पायी फिरलेला माणूस, खिडकीशी बसून येताना सगळ्यांना विचारायचा, "हे उगंच का चालत होतो मी?" पाळी नसली तरी तो जायचा.

आणि मैत्रिणीचा बाप. त्याच्याइतका नेमानं कुणी गेला नाही. सातही दिवस गेला. हरभरा बायकोवर टाकून, पोरीची गाडी वाचावी म्हणून तो रोज जाताना दाराशी उभा राहायचा. बसायला जागा असली तरी. गाडी भरलेली दिसावी म्हणून.

पाचवा दिवस आमच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलचा. त्या दिवशी साहेब शेवटचा आकडा घेणार अशी कुठून तरी आवई उठली होती, म्हणून दोन दिवसांच्या पाळ्या एकदम आल्या. चव्वेचाळीस सीटच्या गाडीला वळणावर सत्तर माणसं. आम्ही नेहमीसारख्या पुढं गेलो तर सरपंचांनी आडवा हात घातला. पासवाल्या पोरींनी थांबावं, आधी तिकिटाचे चढू द्यावेत. आम्ही थांबलो. तिकिटाचे चढले. मग गाडीत मुंगी शिरेल एवढीही जागा राहिली नाही, आणि कंडक्टर आतून ओरडला की दार लागत नाहीये, आता कुणी चढू नका.

मी दारापाशी जाऊन म्हणाले, आज आमची परीक्षा आहे, कुणीतरी दोघांनी उतरा. मैत्रिणीचा बाप दाराशीच उभा होता, तिच्यापासून हातभर अंतरावर.

आमच्याच आळीतले एक थोरले काका आतून म्हणाले, "पोरी, आम्ही काय मजा मारायला चाललोय व्हय? तुमच्यासाठीच बसलोय."

आणि ते खरं होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं. सगळे आमच्यासाठी बसले होते आणि कुणी आमच्यासाठी उतरायला तयार नव्हतं. मी खिडक्यांवरून नजर फिरवली तर तिसऱ्या खिडकीत माझा बाप होता. पांढरी टोपी, नवा सदरा. त्यानं मला बघितलं. मग त्यानं समोरच्या माणसाच्या मानेकडं बघायला सुरुवात केली. गाडी निघून गेली.

मैत्रीण वळणावरच्या दगडावर बसून राहिली. थोड्या वेळानं शेजारच्या गावाहून दुधाचा टेम्पो आला. मी हात केला, टेम्पो थांबला. मी तिला म्हणाले, चल. ती म्हणाली, "बापानं बघितलं तर?" मी म्हणाले, बाप गाडीत आहे, कसं बघणार. तरी ती उठली नाही. तिला ओढून न्यायला हवं होतं असं मला पुढं कितीदा तरी वाटलं, आणि अजून वाटतं. मी दुधाच्या कॅनांमध्ये एकटीच चढले. उशिरा पोचले, सर रागावले, पण त्यांनी आत घेतलं. मैत्रिणीसाठी मी सरांना हातापाया पडून विनवलं. ते म्हणाले, लेखी परीक्षा झाल्यावर राहिलेल्यांची एक तारीख असते, त्या दिवशी अर्ज घेऊन तिला पाठव.

संध्याकाळी त्याच गाडीनं परत आले. पुरुष दमलेले होते, सगळे बसले होते. मी गावापर्यंत उभी आले.

आकडा फार चांगला लागला म्हणून गावात आनंद होता. पंधरा दिवसांत डेपोतून कागद आला. आमच्याकडं कुठलाही कागद वर्ष-वर्ष हलत नाही, हा मात्र हलला. सरपंचांनी तो पारावर वाचून दाखवला आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. ही फेरी विद्यार्थिनींसाठी चालवली जात होती. तपासणी विद्यार्थिनी किती येतात याची होती. साहेबांनी पाच दिवसच बघितलं होतं. चार दिवस दोन, आणि शेवटच्या दिवशी सकाळी, गाडी शिगोशिग भरलेली असताना, विद्यार्थिनी एकही नाही. गाडीचा वापर इतर कामांसाठी होत असल्याचं दिसतं, सबब एक तारखेपासून फेरी बंद.

मग कुणीतरी म्हणालं की साहेबाला कोंबडं तिखट लागलं असणार, आणि सगळ्यांना ते पटलं. गाव त्या कारणावर आजही ठाम आहे. कोंबडं ज्यांच्या घरी झालं त्यांच्याशी काही जण बोलत नाहीत.

गाडी बंद झाली त्या संध्याकाळी माझा बाप जेवायला बसला आणि तसाच उठला. मी त्याच्या तोंडून नियम ऐकायची वाट बघत होते. तो ओट्यावर जाऊन बसला, मी तांब्या घेऊन गेले. तो म्हणाला, "मी बघितलं हुतं तुला. मला उतरता आलं असतं." मी म्हणाले, मग का नाही उतरलास. तो म्हणाला, पाळी होती, सगळे बघत होते, एकटा उतरलो असतो तर गावाचा घात केला म्हणाले असते.

दुसऱ्या दिवसापासून लेखी परीक्षा संपेपर्यंत तो रोज माझ्याबरोबर फाट्यापर्यंत नऊ किलोमीटर चालत आला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं मला काळीपिवळीत बसवलं. माझा त्याच्यावरचा राग पूर्ण गेलेला नाही आणि त्याच्याइतकी माया मला कुणाची वाटत नाही. दोन्ही खरं आहे.

एकदा तो माझ्यासमोर मैत्रिणीच्या घरी गेला. म्हणाला, मी दोघींना घेऊन चालतो, तुझी पोर माझ्या पोरीसारखीच. मैत्रिणीच्या बापानं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मी सात दिवस उभा राहून गेलो, अजून काय करू? गाडी नाय तर शाळा नाय. ठरलंच हुतं." राहिलेल्या प्रॅक्टिकलची तारीख आली आणि गेली.

ती अठरा वर्षांची झाल्यावर, कायद्याचा मान राखून, पुढच्याच महिन्यात तिचं लग्न लागलं. गंगापूरकडचं स्थळ होतं, शेती बरी, मुलगा निर्व्यसनी. मांडवात पुढारी मंडळींचे सत्कार झाले. शुभेच्छा द्यायला सरपंच माईकवर उभे राहिले आणि म्हणाले, या गावानं लेकींच्या शिक्षणासाठी काय करायचं बाकी ठेवलं नाही, उभं गाव गाडीत बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आज्यानंही वाजवल्या.

मी तेव्हा आत तिच्याजवळ होते. तिला चुडा भरून झाला होता, मुंडावळ्या बांधायच्या बाकी होत्या, आणि बाया साडीच्या निऱ्या धरून बसल्या होत्या. तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं पिन मागतेय.

हळूच म्हणाली, "प्रॅक्टिकलला काय आलं हुतं गं?"

मी सांगितलं. एक क्षार ओळखायला दिला होता, पांढरी पूड होती. मी पहिल्यांदा चुकले, मग सोडियम हायड्रॉक्साइड घालून तापवल्यावर वास आला तेव्हा कळलं. अमोनियम क्लोराइड होतं.

ती जरा वेळ हातातल्या चुड्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला पहिल्यांदाच आलं असतं." आणि मुंडावळ्या बांधायला कपाळ पुढं केलं.