टच-अप न केलेली गिरिजा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. विषय निघाला की चहा मागवायचो आणि दुसरंच बोलायचो. पण मध्यंतरी गिरिजाची आई स्टुडिओत आली आणि पळवाट उरली नाही.

"काका, पोरगी आमची युवराणी होणार," ती खुर्ची ओढत म्हणाली. "लहानपणचे फोटो पाहिजेत. लग्नात मोठ्या स्क्रीनवर लावणार हाईत."

राज्यं कधीच गेली. पण गिरिजाचं लग्न ठरलंय ते मध्य प्रदेशातल्या एका जुन्या संस्थानिकाच्या घरी, आणि तिथली माणसं घरच्या सुनेला अजून युवराणीच म्हणतात. इकडं कोल्हापुरात तिच्या वडलांचं खताचं दुकान. घरातले अल्बम महापुरात गेले. उरले ते शाळेतले फोटो. पहिली ते दहावी, सगळे मी काढलेले.

"देतो की. त्यात काय."

"पण तिची एक अट हाय. काकांनी उजळ केलेले नकोत म्हणाली. तसलेच असतील तर एकबी लावू नका म्हणाली."

मी संगणकाकडं वळलो. तिच्याकडं बघायला नको म्हणून.

टच-अप म्हणजे काय, ते सांगतो. फोटो संगणकावर उघडायचा, चेहऱ्याभोवती रेघ ओढायची आणि तेवढ्याच भागाचा उजेड वाढवायचा. सावळं माणूस गोरं होतं. गिऱ्हाईक स्वतःच म्हणायचं, "जरा उजळ करा की." पुढं पुढं कुणी न सांगताच मी करायला लागलो. पोरीच्या जातीला बरं, असं वाटायचं. आणि जागा वाचावी म्हणून मूळ फाईलवरच सेव्ह करायचो. मूळ चेहरा गेला तो गेला.

गिरिजाची आई घरी गेल्यावर जुन्या डिस्क काढल्या. पहिलीतली गिरिजा सापडली. पुढचे दोन दात नाहीत, वेण्यांना लाल रिबिनी. चेहरा दुधासारखा, मान मात्र तिची, सावळी. चौथीत हनुवटीवर खोक पडलेली मला आठवत होती. कबड्डीत पडली होती. फोटोत खोक नाही. तीही मीच पुसली होती. सातवीत ती वर्गात सगळ्यांत उंच झाली आणि मागच्या रांगेत गेली. तिथंही शोधून मी तिला गोरी केली होती. एका पोरीचं सगळं लहानपण माझ्या समोर होतं, आणि त्यात ती पोरगीच नव्हती.

मग दहावी. तो फोटो मला उघडवेना.

हॉल तिकिटाचा फोटो मीच काढला होता. पहिल्या पेपरला दारावरच्या बाईंनी तिला अडवलं. तिकिटावरची मुलगी वेगळी दिसत होती. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. स्टुडिओ शाळेसमोरच होता.

"अहो, हा फोटो हिचाच आहे ना? मग असा कसा?"

मी उजळ केलाय, एवढंच सांगायचं होतं. पण शाळेचं काम हातचं जाईल अशी भीती वाटली.

"फोटो बरोबर हाय, मॅडम. पोरगीच उन्हात रापलीया."

मागं उभ्या पोरी फिसकन हसल्या. गिरिजानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. पुढं आधारकार्ड बघून आत सोडलं, पण तोवर पेपर बराच पुढं गेला होता. नंतर ती माझ्याकडं कधी फोटो काढायला आली नाही.

उजळ न केलेला फोटो तीन दिवस शोधत होतो. शेवटी आठवीच्या गॅदरिंगचा एक फोटो मिळाला. पाहुण्यांचं स्वागत चाललंय. आरतीचं ताट धरायला निवडलेल्या पोरी पुढं. आणि कडेला, विंगेत, पडद्याची दोरी धरून गिरिजा. कुणीतरी काहीतरी विनोद केला असावा, तोंड उघडून हसतेय. सावळी, हनुवटीवरच्या खोकेच्या व्रणासकट. फोटो पाहुण्यांचा, म्हणून तिच्या चेहऱ्याकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. तेवढी ती वाचली.

प्रिंट न्यायला गिरिजा स्वतः आली. बराच वेळ बघत राहिली.

"दोरी ओढत होते व्हय मी!"

"ताट धरायला घेतलं नव्हतं तुला."

"म्हाईत हाय की. ताटाला गोऱ्या पोरी लागायच्या." ती हसली. "असा एकच हाय?"

"एकच."

"बास झाला. हाच लावायचा. तिकडच्या मावश्या-आत्यांना एकदाच काय ते बघू दे."

चाळीस वर्षं धंदा करून मला एवढंच कळलं, की उजेड कमी असेल तर लाईट लावावी. माणसाला हात लावू नये. हे नव्या पोरांना मी आता ऐटीत सांगतो. तिला मात्र सांगू शकलो नाही.

ती पर्समध्ये पैसे शोधत होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाळ, त्या दिवशी तुझा चेहरा बरोबर होता, फोटो खोटा होता, आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. एवढंच वाक्य. जिभेवर आलं होतं.

"पैसे ऱ्हाऊ देत," मी म्हणालो. "फ्रेम कुठली घालू?"