देवाशी घासाघीस

"हळदीला कोळंबी दत्तूच्याच हातची पाहिजे. नाहीतर दुसरा केटरर बघतो," वसईतल्या पापडीचे राऊतकाका म्हणाले.

"अहो, दत्तू आपलाच माणूस आहे!" मी म्हटलं. आपला माणूस पावसाळ्यातच नोकरी सोडून मालवणकडे गेला होता, हे बोललो नाही. राऊतकाकांची ऑर्डर गेली असती तर पापडीतली सगळी लग्नं गेली असती. तिथे आमंत्रणाआधी केटररची बातमी पोचते.

दत्तू माझा मेन आचारी. मेन आचारी म्हणजे ज्याच्या जिभेवर धंदा चालतो तो. बाकीचे चिरतात, ढवळतात; मीठ हा टाकतो. नालासोपाऱ्याच्या माझ्या गाळ्यात तो भांडी घासायला आला होता. त्याला मी घडवला, असं मी माणिकपूरभर सांगायचो. खरं तर कोळंबी त्याला त्याच्या आईनेच शिकवलेली. मी शिकवलं ते एवढंच, की खोबरं कमी घालून कसं भागवायचं.

मी एसटीने त्याच्या गावी थडकलो. त्या वर्षांत तिकडे समुद्र बघायला मुंबईचे लोक यायला लागले होते. दत्तूने घराला दोन खोल्या काढल्या होत्या. पाहुण्यांना राहायला खोली आणि जेवायला त्याच्या हातचं. अंगणात खुर्ची टाकून बसला होता. माझ्याकडे असताना त्याला बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

"नमकहराम!" मी फाटकातूनच सुरुवात केली.

"शेट, आधी च्या घेवा," तो म्हणाला. "माझा हयच बरा चलता."

मी पगार वाढवला. तो हसला. अजून वाढवला. त्याची बायको आतून म्हणाली, "ह्यो आकडो आधी खंय होतो, शेट?"

शेवटी दत्तू म्हणाला, "देवाक इचारूया."

त्यांच्याकडे कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी लगेच तयार झालो. निम्मी संधी तर होती. दत्तूकडे तेवढीही नव्हती.

"बा देवा म्हाराजा, ह्यो वसयचो शेट तुझ्या दारात इलो हा. दत्तून परत जावचा काय?"

"होय म्हाराजा!" जमलेली माणसं म्हणाली. डावी पडली.

"पुन्हा लावा," मी म्हटलं.

गुरव वळला. "तोच प्रश्न परत इचारूचो नाय."

"मग बदला. फक्त लग्नाचा सीझन."

डावी.

दत्तू खाली बघून हसत होता. माझं डोकं तापलं. पण गिऱ्हाईक उठून जाताना किंमत पाडायची असते, एवढं मला कळतं. "बरं, एकच हळद! एसटीचं भाडं माझं!"

पाकळी बराच वेळ हलेना. मग उजवी पडली. सगळ्यांत मोठ्याने "होय म्हाराजा" मीच ओरडलो.

हळद दणक्यात झाली. राऊतकाका स्वतः पातेल्यापाशी आले. "दत्तू, पुढच्या लग्नालाही तूच!"

"नाय, काका. माझा आता गावाक हॉटेल आसा. तुमीच येवा. समुद्र दारात. कोळंबी हीच."

मी शेजारीच उभा होतो. माझ्या पातेल्यापाशी, माझ्या भाड्याने आलेला माणूस माझी गिऱ्हाइकं नेत होता. मे महिन्यात राऊतांचं अख्खं घर तिकडे गेलं. माझे दोन आचारी त्याच तालुक्यातले. ते "जरा बघून येतो" म्हणाले आणि तिकडेच राहिले.

देवाकडे मी एक हळद मागितली होती. पुढचं बोलायचं राहूनच गेलं. देवाने शब्द पाळला. त्याच्याशी भांडायलाही जागा नाही.

तीन वर्षांनी बायकोच्या हट्टाने मीही दत्तूकडे उतरलो. खोलीचं भाडं ऐकून म्हटलं, "आपल्या माणसाला एवढं? काही कमी कर."

दत्तूची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "देवाक इचारूया, शेट?"

त्यांनी सांगितलं तेवढं भाडं मी दिलं. आयुष्यात पहिल्यांदा.