रंग न धरणारी भिंत

आमच्या गावातल्या बंद तेलगिरणीची आता अभ्यासिका होते आहे. काल कामावर देखरेख करायला तिथे गेलो, तर एका भिंतीचा रंग तिसऱ्यांदा सुटला होता. मी टेप लावला. रंग सुटला होता तो जमिनीपासून बरोबर पावणेतीन फुटांपर्यंत.

"तेल मुरलंय, साहेब. पाडावीच लागेल," गवंडी म्हणाला.

वडील इथे घाण्यावर होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे कामगार तेलकट पाठी याच भिंतीला टेकून बसत. मी हे वास्तुकार बाईंना सांगितलं.

"मग रंगच नको," त्या म्हणाल्या. "मुलंही टेकूनच वाचतील."

जुनी इमारत नवी करताना काय पुसायचं नाही, हेच आधी ठरवावं लागत असेल. वडिलांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. सगळे गेल्यावर मी भिंतीवरून हात फिरवला. तळवा किंचित तेलकट झाला. तो मी लगेच धुतला नाही.